टिटवीमाळाचं फाटक

नेल बेनब्रिजला माणसं आवडत नाहीत, असं आमच्या स्कार्थवेट गावात कुणीही सांगेल. साफ खोटं आहे. तिला माणसं आवडतात, फक्त जरा लांबून. कुत्री जवळून आवडतात, टिटव्या जिवापाड आवडतात, आणि कावळ्यांचं मी पुढे सांगतेच. मी तिला लहानपणापासून ओळखते, आणि त्यातला निम्मा काळ तरी आम्ही एकमेकींशी भांडण्यात घालवला आहे. तेव्हा तिच्याबद्दल बोलायचा हक्क गावात कुणाला असेल तर तो मला आहे.

नेल सापळेवाली. मोठ्या घराच्या, म्हणजे कार्लटन लोकांच्या जमिनीवरचे कावळे, कोल्हे आणि ओढ्यातले मुंगसासारखे मिंक धरायचं काम तिचं. तिच्याआधी तिचा बाप जॉस हेच करायचा. त्याबद्दल पगार आणि माळाच्या कडेला दोन खोल्यांचं घर, तेही मोठ्या घराच्याच मालकीचं. मी कुत्रेवाली. गावातली कमावती माणसं सकाळी कामाला डार्लिंग्टन शहरात निघून जातात, त्यांची कुत्री मी फिरवते. एका वेळी पाच. माझे दोन्ही खांदे खाली ओढल्यासारखे दिसतात ते म्हणून, वयामुळे नाही.

आता सापळेवाली आणि कुत्रेवाली यांचं एका माळावर जमायचं कसं? पण माळ एकच आहे, त्याला आमचा इलाज नाही. आमची खालची आळी एका बाजूला, आणि चर्च, शाळा, पब हे सगळं दुसऱ्या बाजूला. मध्ये टिटवीमाळ. त्यातून एक पायवाट जाते, माळाभोवतीच्या दगडी कुंपणातल्या, म्हणजे गडग्यातल्या फाटकापासून ओढ्यावरच्या लाकडी पुलापर्यंत. दुसरा रस्ता आहे, नाही असं नाही, पण त्यावरून दिवसभर दगडखाणीचे ट्रक धावतात आणि कडेला पाय टेकायला जागा नाही. पोरं शाळेत जातात ती माळावरून, म्हातारी माणसं चर्चला जातात ती माळावरून. ती वाट गेली तर खालची आळी तुटलीच म्हणायची. ही सगळी हकीकत त्या वाटेपायी घडली.

आमचं पहिलं भांडण मला स्वच्छ आठवतं. नेलनं नुकतंच बापाचं काम हातात घेतलं होतं आणि मी नुकतीच कुत्री फिरवायला लागले होते. वसंतातली सकाळ होती, माझी सगळी कुत्री मोकळी सुटली होती, आणि ही बया गडग्यावर बसून माझ्याकडे बघत होती.

"थेल्मा, ती कार्टी बांध," ती म्हणाली.

"माझी कुत्री कुणाला काही करत नाहीत."

"करतात असं मी कुठं म्हटलं? नको बांधूस. इथं येऊन बस आणि बघ."

मी बसले. माझा एक कुत्रा गवतात हुंगत चालला होता, अगदी साधेपणानं. त्याच्या पुढ्यातून एक टिटवी ओरडत उठली, त्याच्या डोक्यावर घिरट्या घालायला लागली. त्यानं वर पाहिलंसुद्धा नाही, पुढे निघून गेला. मग झाडावरून एक कावळा आला. त्याला कसली घाई नव्हती. उतरला, अंडं उचललं, गेला, आणि दुसऱ्यासाठी परत आला.

"तुझ्या कुत्र्यानं काही केलं नाही," नेल म्हणाली. "फक्त दार उघडून दिलं."

माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "मग कावळे मार की. त्याचाच पगार घेतेस ना?"

"मारते. पण मी मारायचे किती आणि तू जेवायला बोलवायचे किती?"

त्यानंतर आमचं ठरलं, भांडत भांडतच ठरलं. टिटव्या अंड्यांवर बसल्या की नेल फाटकाच्या वरच्या दांडीला निळी सुतळी बांधणार. गवताच्या गठ्ठ्यांना असते ना, ती प्लॅस्टिकची. सुतळी दिसली की कुत्री पट्ट्याला लावायची, सुतळी गेली की मोकळी सोडायची. आणि त्या बदल्यात नेलनं पिंजरे वाटेपासून लांब, गडग्याच्या पलीकडे लावायचे, जिथे कुत्र्याचं नाक पोचणार नाही. हळूहळू सगळ्या आळीला हे माहीत झालं. कुणी चुकलं तर नेल त्याच्यावर खेकसायची, आणि पिंजरा हातभर जरी अलीकडे आला तरी मी नेलवर खेकसायचे. टिटव्या वाढल्या, कुत्री फिरली, वाट चालू राहिली.

कावळ्यांचं सांगते म्हटलं होतं. पिंजरा दोन खणांचा असतो. एका खणात जिवंत कावळा ठेवायचा, दुसऱ्या खणाचं झाकण उघडं. हा आपल्या हद्दीत कोण येऊन बसलाय म्हणून बाहेरचा कावळा तणतणत येतो आणि झाकण पडतं. आतल्या कावळ्याला नेल भाडेकरू म्हणते. त्याला रोज ताजं पाणी, खायला अंडं, बसायला काठी, उन्हापावसात वर आडोसा. काहीही होवो, ती रोज त्याच्याकडे जाणार म्हणजे जाणार. धरलेल्या कावळ्यांना मात्र ती मारते, स्वतःच्या हातानं, पटकन. मला ते कधीच आवडलं नाही, आजही आवडत नाही. एकदा मी तिला विचारलंसुद्धा, "तुला काहीच वाटत नाही का गं?"

"वाटतं," ती म्हणाली. "रोज वाटतं. टिटव्या हव्यात तर कुणाला तरी ते वाटून घ्यावं लागतं. मी घेते. तू नुसता त्यांचा आवाज ऐकतेस, आणि वर मलाच विचारतेस."

असं तोंड आहे तिचं.

नाताळच्या सकाळी मात्र ती वेगळीच असायची. कुत्र्यांना नाताळ कळत नाही, त्यामुळे मी त्या दिवशीही बाहेर. आणि दरवर्षी नेल फाटकाशेजारी गडग्यावर बसलेली. बापाचा जुना कोट, चहाचा थर्मास, फडक्यात गुंडाळलेला नाताळचा केक आणि वर चीजचा तुकडा. येणाऱ्या प्रत्येकाकडे नीट बघायची, नावानं हाक मारायची. "जातोस ना आर्थर? जा." "जाते आहेस ना मॉली? जा." बस, एवढंच. वर्षभर ज्यांच्याशी धड बोलत नाही त्यांना ही बाई एक दिवस फाटकातून पाठवायची.

"आज तरी सुट्टी घे," मी म्हणायचे.

"कामावर आहे."

"कसलं काम आहे तुला आज?"

"बसायचं. केक खा आणि निघ."

माझ्या लहानपणी नाताळला त्या फाटकाला कुलूप असायचं. म्हाताऱ्या कर्नल कार्लटनचा हुकूम होता, आणि नेलचा बाप जॉस ते लावायचा. आम्ही पोरं गडग्यावरून उड्या मारून जायचो. पुढे कधीतरी ते बंद झालं. कधी आणि का, हे मी कधी स्वतःला विचारलंच नाही. बंद फाटक डोळ्यात सलतं, उघड्या फाटकाकडे कोण बघतं?

गेल्या वर्षी फिलिपा आली. लीड्सहून, शाळेतून निवृत्त होऊन. माळाला लागून असलेलं घर तिनं घेतलं, मागे सफरचंदाची बाग असलेलं. बरोबर एक मोठा कुरळ्या केसांचा कुत्रा, नाव बिस्किट. बाई मनानं चांगली. आल्या आल्या गावातला कचरा उचलायला लागली, चर्चमध्ये फुलं ठेवायला लागली, मला दोनदा चहाला बोलावलं. मला ती आवडली होती. एप्रिलात एका सकाळी मी कुत्री घेऊन माळावर पोचले तर ही रिकाम्या पिंजऱ्याशेजारी रडत उभी, आणि समोरून नेल येतेय.

"माझा भाडेकरू कुठाय?" नेलनं विचारलं.

"मी सोडला त्याला," फिलिपा म्हणाली. तिची मान ताठ होती. "इतक्याशा पिंजऱ्यात जिवंत पक्षी. तुम्हाला लाज कशी वाटत नाही?"

"नाव काय तुझं?"

"फिलिपा."

"फिलिपा, तुझा कुत्रा कुठाय?"

बिस्किट माळाच्या ऐन मध्यावर होता. खुशीत गोल गोल धावत होता, आणि त्याच्या डोक्यावर टिटव्यांचा नुसता आकांत चालला होता.

"फाटकावरची सुतळी नाही बघितलीस?" नेल म्हणाली.

"कुठली सुतळी?"

"निळी."

फिलिपानं कोटाच्या खिशातून निळ्या सुतळीचं भेंडोळं काढलं. "ही? कुणीतरी टाकून दिली होती. प्लॅस्टिक आहे, जनावरांच्या पोटात जातं. मी उचलून घेतली."

नेलनं त्या सुतळीकडे पाहिलं, मग माळाकडे पाहिलं. ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. त्या आठवड्यात माळावरची पहिली अंडी सगळी गेली.

पुढचं जे झालं ते आजकाल जसं होतं तसंच. फिलिपानं गावाच्या मोबाइल ग्रुपवर पिंजऱ्याचा फोटो टाकला. निम्मी माणसं तिच्या बाजूनं, निम्मी नेलच्या. मी रागाच्या भरात असं काही लिहिलं की माझ्या दोन गिऱ्हाइकांनी काही दिवस कुत्री पाठवणं बंद केलं. कुणीतरी नेलचे दोन पिंजरे ओढ्यात फेकले. नेलनं ते काढले, ठोकून सरळ केले आणि परत लावले. कुणी फेकले हे तिनं कुणालाही विचारलं नाही, आणि फाटकाला दुसरी सुतळी बांधली.

हे सगळं कुणाच्या पथ्यावर पडलं असेल तर एड्रियन कार्लटनच्या. कर्नलचा मुलगा. बाप गेल्यावर लंडनहून आला, बोलायला मऊ, हसायला तयार. ओढ्याकाठी त्याला काचेच्या खोल्या बांधायच्या होत्या. श्रीमंत पाहुण्यांनी बिछान्यात लोळत पक्षी बघायचे, अशी कल्पना. त्या पाहुण्यांसमोरून आमची पोरं दप्तरं घेऊन आणि मी पाच कुत्री घेऊन जाणं त्याला कसं परवडावं? त्यानं गावाच्या हॉलमध्ये सभा बोलावली.

हॉल भरला होता. नेल मागे भिंतीला टेकून उभी होती, अंगात तोच बापाचा कोट. फिलिपा पुढच्या रांगेत, डोळे सुजलेले. कार्लटन उभा राहिला आणि फार दुःख झाल्यासारखं बोलला. म्हणाला, सापळे आणि मोकळी कुत्री एका माळावर नांदू शकत नाहीत हे आपण सगळ्यांनी बघितलं. यात चूक कुणाचीच नाही. पण पक्ष्यांचा विचार आधी केला पाहिजे. म्हणून येत्या महिन्यापासून माळावरची वाट बंद. मिसेस बेनब्रिजना आता त्यांचं काम निवांत करता येईल.

सगळ्या माना मागे वळल्या. मी नेलच्या शेजारीच होते. माझं सगळं पोट त्या वाटेवर होतं, आणि माझा राग आवरेना. मी तिला म्हटलं, "मिळालं ना तुला हवं ते?"

ती कोटाच्या खिशात हात घालून पुढे बघत राहिली.

पुढून आर्थर उठला, गुडघे धरत. "साहेब, ही वाट गावाची आहे. तुम्ही कोण बंद करणार?"

कार्लटन याच प्रश्नाची वाट बघत होता, हे त्याच्या चेहऱ्यावरून दिसलं. आमच्याकडचा कायदा असा आहे की एखाद्या वाटेनं लोक वीस वर्षं कुणाला न विचारता, कुणी न अडवता गेले, तर ती वाट लोकांची होते. पण मालकानं वर्षातून एक दिवस जरी फाटक बंद ठेवलं तर ती मालकाच्या मर्जीची वाट, त्याच्या मनात येईल तेव्हा बंद. म्हणूनच कर्नल नाताळला कुलूप लावायचा. एक दिवसाचं कुलूप आणि बाकी सगळं वर्ष उपकार.

"ही वाट कधीच गावाची नव्हती," कार्लटन म्हणाला. "आमच्या घरानं आनंदानं तुम्हाला जाऊ दिलं, एवढंच. नाताळच्या दिवशी फाटकाला कुलूप लागतं ते त्यासाठीच. वडिलांनी ठरवून दिलेली पद्धत आहे, आणि आजही मिसेस बेनब्रिज स्वतः ते लावतात. बरोबर ना, नेल?"

"नाही," नेल म्हणाली.

"काय नाही?"

"लावत नाही."

कार्लटन हसला. "मागच्या वर्षी राहिलं असेल एखादवेळी—"

"एकदाही लावलं नाही. तुमच्या बापानं चावी हातात दिली त्या वर्षापासून नाही."

ती भिंतीपासून सरकली आणि खुर्च्यांमधून पुढे गेली. कोटाच्या खिशातून एक कुलूप काढून तिनं कार्लटनसमोर टेबलावर ठेवलं. गंजून लाल झालेलं. चावी त्यातच अडकून बसलेली.

"हे तुमचं," ती म्हणाली. "तेल घालून बघा, फिरली तर फिरली चावी. दर नाताळला मी फाटकाशी बसून असते. कोण कोण गेलं ते माझ्या डोळ्यांनी बघितलंय, नावानं हाक मारून पाठवलंय. यातले कितीतरी जण इथंच बसलेत. विचारा त्यांना."

मला त्या सगळ्या सकाळी आठवल्या. जातेस ना मॉली, जा. आणि मी मूर्ख तिला सुट्टी घे म्हणत होते.

"या कामाचा तुम्हाला पगार मिळत होता," कार्लटन म्हणाला. त्याचा आवाज आता मऊ नव्हता.

"नाताळच्या दिवसाचा कापून घ्या."

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि मग सगळा हॉल हसला. कार्लटन थांबला, हसू ओसरू दिलं, आणि हळू म्हणाला, "तुम्ही राहता ते घर कुणाचं आहे, लक्षात आहे ना?"

"आहे. म्हणून तर तोंड बंद ठेवलं. वीस वर्षं व्हायच्या आत बोलले असते तर तुम्ही दुसऱ्याला चावी दिली असती. वीस होऊन गेली. आता घ्या घर."

"मला वाटलं तुम्हाला वाट बंदच हवी असेल. तुमचं काम किती सोपं झालं असतं."

"झालं असतं," नेल म्हणाली. "पण मी टिटव्या राखते त्या पोरांनी शाळेत जाताना ऐकाव्यात म्हणून. तुमच्या पाहुण्यांनी काचेमागून बघायच्या असतील तर कावळ्यांनी खाल्लेल्या काय वाईट?" मग ती आमच्याकडे वळली, आणि आम्हाला वाटलं आता काहीतरी गोड बोलेल. "आणि तुम्ही हसू नका. कुत्रं बांधायला सांगितलं तर तुमचे हात गळून पडतात. वाट तुमची आहे, माळ तुमच्या बापाचा नाही. वाट राहणार आणि सापळेही राहणार. ज्याला दोन्ही सोसत नसेल त्यानं मांजर पाळावं."

एवढं बोलून ती बाहेर पडली. मी धावत मागे गेले. पबच्या भिंतीपाशी तिला गाठलं आणि म्हटलं, "मला का नाही सांगितलंस गं? मला तरी?"

"तुझ्या पोटात काय राहतं?"

तेही खरंच होतं. मी विचारलं, "पण का? कुलूप का नाही लावलंस?"

तिनं कोटाची बटणं लावली. मग म्हणाली, "पहिल्याच वर्षी गेले होते लावायला. कुलूप हातात होतं. पलीकडून तुझी आई आली, तिचं ते पांढरं कुत्रं घेऊन, चर्चला निघाली होती. माझ्या हातात कुलूप बघितलं आणि म्हणाली, आज बंद असतं नाही का, माफ कर हं पोरी, विसरलेच, जाते मी रस्त्यानं. माफ कर म्हणाली, थेल्मा. तिच्या बापानं त्या माळाचे गडगे रचले, दगड वाहून त्याची पाठ वाकली, आणि ती माझी माफी मागत होती. मला इतकी लाज वाटली की मी फाटक धरून उभी राहिले आणि म्हटलं, जा गं बाई तू. ती गेली. मग पुढच्या वर्षीही मला लावता येईना."

मला रडू फुटलं. माझी आई त्यानंतरच्या उन्हाळ्यातच गेली. तो तिचा शेवटचा नाताळ होता आणि ती माळावरून गेली होती, हे मला इतक्या वर्षांनी कळत होतं. नेलनं मला रुमाल दिला, तोही सापळ्याच्या तेलाचा वास येणारा.

कार्लटननं शब्द पाळला. नेलचं काम गेलं आणि महिन्याभरात घरही. आता ती माझ्या मागच्या खोलीत राहते. माझा चहा तिला पातळ लागतो, माझी कुत्री तिला वळण नसलेली वाटतात, आणि माझ्या स्वयंपाकघरात पिंजऱ्याच्या तारा पडलेल्या असतात. भांडण रोज होतं.

ती राहायला आली त्याच आठवड्यात फिलिपानं दार वाजवलं. हातात ती पहिली निळी सुतळी होती, धुऊन, नीट गुंडाळून आणलेली. नेल टेबलापाशी बसली होती, उठली नाही.

"बिस्किट सुटला आणि अंडी गेली, हे मला थेल्मानं सांगितलं," फिलिपा म्हणाली. "तुमचं मला अजूनही पटत नाही. पण माझी बाग माळाला लागून आहे, आणि ती माझ्या मालकीची आहे. तिथे कार्लटनचं काही चालत नाही. पिंजरा तिथे लावा."

"रोज दिसेल तुला."

"मला ते बघवणार नाही."

"नको बघूस. पाणी भरशील?"

फिलिपा म्हणाली, "पाणी भरेन."

आणि तिनं भरलं. रोज सकाळी मान दुसरीकडे वळवून ती भाडेकरूची वाटी विसळायची आणि भरायची. मारायचं काम नेल करायची, फिलिपा आत रेडिओ मोठा करून बसायची. जूनमध्ये, उशिरा का होईना, टिटव्यांची दुसऱ्या वेळची पिल्लं निघाली. इवलीशी, नुसते पाय दिसणारी. एका सकाळी ती वाट ओलांडत होती आणि मी, फिलिपा, बिस्किट, माझी पाचही कुत्री, सगळे पट्ट्याला, ती जाईपर्यंत थांबून राहिलो. फिलिपानं माझा हात इतका घट्ट धरला की दुखला.

वाट आमची असल्याचा अर्ज काउन्सिलकडे गेला आहे. तो पुढे कसा आणि किती हळू सरकतो ते फिलिपा बघते, तिला असल्या कामाचा उरक आहे. निकाल लागेपर्यंत कार्लटन फाटकाला हात लावणार नाही असं आम्हाला वाटलं होतं. नाताळच्या सकाळी कळलं की लावला.

मी कुत्री घेऊन पोचले तेव्हा निम्मी आळी फाटकाशी जमली होती. नवी कोरी साखळी, चकचकीत कुलूप, आणि पलीकडे पिवळं जाकीट घातलेला एक रखवालदार, थंडीनं नाक लाल झालेला. सगळे रांगेत उभे होते. आमच्या लोकांचं हे असंच. अन्याय झाला की आधी रांग लावतात. नेल गडग्यावर आपल्या जागी बसली होती, थर्मास अजून उघडला नव्हता.

"बंद आहे का?" फिलिपानं रखवालदाराला विचारलं. "बरं, माफ करा हं, आम्ही जातो रस्त्यानं."

नेल गडग्यावरून उतरली. "काय म्हणालीस?"

"मी नुसतं—"

"माफी मागितलीस तू त्याची. या फाटकाशी यापुढे कुणीही माफी मागायची नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "थेल्मा, कुत्री आर्थरकडे दे आणि इकडे ये. ती खालची दांडी धर. कंबरेनं नको उचलूस, गुडघ्यांनी उचल."

ते फाटक जॉसनं बसवलेलं. नुसतं दोन लोखंडी खुंटांवर टांगलेलं, वर उचललं की सुटतं. मला हे आयुष्यभर माहीत असायला हवं होतं, पण मी कायम कुलपाच्या बाजूनंच फाटकाकडे बघत आले होते. आम्ही दोघींनी उचललं. जड होतं मेलं. एकदा कुरकुरलं आणि खुंटांवरून निघालं, आणि कुलपाच्या साखळीवर झुलत भलत्याच बाजूनं उघडलं.

"बाई, कुलपाला हात लावायचा नाही," रखवालदार म्हणाला.

"कोण लावतंय?" नेल म्हणाली. "लागलेलंच आहे की ते. नीट बघ, आणि साहेबांना सांग, कुलूप अगदी व्यवस्थित लागलेलं होतं म्हणून. केक खाणार?"

त्यानं कुलपाकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं, आणि केक घेतला.

नेल परत गडग्यावर चढून बसली. तिला धाप लागली होती, पण तिनं ती दाखवली नाही. थर्मास उघडला, कपात चहा ओतला, आणि येणाऱ्या प्रत्येकाकडे नीट बघायला लागली. "जातेस ना फिलिपा? जा. जातोस ना आर्थर? जा." एकेक करत सगळी आळी माळावर उतरली. कुत्री मी आर्थरकडून आधीच परत घेतली होती; मी शेवटी राहिले.

"जातेस ना थेल्मा?"

"जाते."

"मग पट्टे धर."

"अगं, एक टिटवी नाही माळावर. थंडीत सगळ्या समुद्राकडे गेल्यात."

"येतील ना परत. तोवर तुझ्या कार्ट्यांची सवय मोडायला नको."

मी पाचही पट्टे मनगटाला गुंडाळले आणि आई गेली होती त्या वाटेनं चर्चकडे निघाले.